मोंशीकच्या डोंगरातील सुट्टी: खडक, पाणी आणि पाहुणा

अल्गार्वला सुट्टीसाठी आलेला माणूस दक्षिणेकडे तोंड करून बसतो. समोर अटलांटिक, पायाखाली वाळू, बाजूला पिवळसर-तांबूस कडे. पाठीमागे डोंगर आहे याची दखल तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी घेतो आणि मग भाड्याच्या गाडीने किंवा सहलीच्या जीपने अर्धा दिवस वर जाऊन येतो. फारोचा विमानतळ १९६५ साली सुरू झाला. पोर्तुगालच्या या दक्षिण प्रांतात त्यानंतर जे पर्यटन वाढले, ते जवळजवळ सगळे किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत वाढले. डोंगराच्या वाट्याला ‘जाता जाता बघण्याची जागा’ हे स्थान आले.

हे स्थान चुकीचे आहे, असे माझे मत आहे. ते का, हे या लेखात तपासायचे आहे. त्यासाठी अल्गार्वच्या पश्चिम भागातील सेर्रा द मोंशीक हा डोंगर घेतला आहे. पोर्तिमांव या बंदराच्या शहरापासून मोंशीक गाव सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. फोइया हे सर्वोच्च शिखर ९०२ मीटर आणि त्याच्या पूर्वेचे पिकोता पावणेआठशे मीटरच्या आसपास. आकडे ऐकून सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हा डोंगर लहान वाटेल. पण डोंगरात सुट्टी कशी घालवावी हे उंचीवर ठरत नाही. तिथे पाणी कुठून येते, केव्हा येते, कुठे साठते आणि कोण वापरते, यावर ते ठरते. मोंशीकचे सगळे वेगळेपण या चार प्रश्नांत आहे, आणि तिथे केव्हा जावे, किती दिवस राहावे याचे उत्तरही त्यातूनच निघते.

खडक

अल्गार्वची उत्तर सीमा म्हणजे शिस्ट आणि ग्रेवॅक या मुळात गाळापासून बनलेल्या जुन्या खडकांच्या टेकड्यांची लांब रांग. हे खडक कोट्यवधी वर्षे दाबले गेलेले, पापुद्र्यांचे आणि पाणी आत न घेणारे. त्यांच्यावरची माती पातळ असते. पाऊस पडला की ओढे भरून वाहतात आणि उन्हाळा लागला की कोरडे पडतात.

या रांगेच्या पश्चिम भागात, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी, खालून शिलारस घुसला. तो पृष्ठभागापर्यंत आला नाही. जमिनीखालीच सावकाश थंड झाला आणि त्याचा भरड कणांचा सायनाइट खडक तयार झाला. वरचे मऊ थर झिजून गेल्यावर हा कठीण गाभा उघडा पडला आणि आजूबाजूच्या टेकड्यांपेक्षा उंच उरला. फोइया आणि पिकोता ही दोन्ही शिखरे या गाभ्याचीच. भूविज्ञानात या ठिकाणाला मान आहे: सायनाइटच्या एका प्रकाराला फोइयावरून ‘फोयाइट’ आणि इथल्या गडद रंगाच्या एका भित्तिखडकाला मोंशीकवरून ‘मोंशीकाइट’ ही नावे जगभर चालतात.

पर्यटकाने याच्याशी काय करायचे? बरेच काही. सायनाइट दिसायला ग्रॅनाइटसारखा घट्ट असला तरी त्याला भेगा असतात आणि वरचा थर कुजून त्याची जाड, भुसभुशीत भरड होते. पावसाचे पाणी या भरडीत आणि भेगांत मुरते आणि वर्षभर थोडे थोडे करून झऱ्यांतून बाहेर येते. शिस्टच्या टेकडीवर ऑगस्टमध्ये गुरांना पाजायला पाणी मिळत नाही, आणि तिथून तासाभराच्या चालीवर, सायनाइटच्या उतारावर, दगडी टाकीत झऱ्याची धार पडत असते. मोंशीक गाव साडेचारशे मीटरवर, बरोबर या पाणी धरून ठेवणाऱ्या खडकावर बसले आहे. गावाभोवती उतारांवर दगडी बांध घालून पायऱ्यापायऱ्यांची शेते केलेली आहेत. त्यांत बटाटे, मका, घेवडा, संत्री निघतात, आणि प्रत्येक दोन-चार पायऱ्यांमागे एक टाकी आणि तिच्यातून निघालेला अरुंद पाट दिसतो.

काही पाणी फार खोल जाते, तापते आणि भेगांतून परत वर येते. गावाच्या खाली सहा-सात किलोमीटरवर काल्दश द मोंशीक इथे ते बाहेर पडते. तापमान सुमारे ३२ अंश सेल्सिअस, पीएच ९.५ च्या आसपास, सोडियम-बायकार्बोनेट आणि फ्लोराइड असलेले. हात लावला तर साबण लावल्यासारखा गुळगुळीतपणा जाणवतो. हा अल्कधर्मी पाण्याचा गुण आहे. हेच पाणी बाटल्यांत भरून देशभर विकले जाते.

पावसाचे वेळापत्रक

अटलांटिकवरून येणारे ओले वारे पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून या डोंगराला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि बरसतात. मोंशीकला वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. खाली किनाऱ्यावर साधारण त्याच्या निम्मा.

ही यंत्रणा मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे. कोकणावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात आणि महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ओततात. फरक वेळेचा आहे आणि तो मोठा आहे. महाबळेश्वरचा पाऊस जूनमध्ये सुरू होतो. मोंशीकचा पाऊस साधारण ऑक्टोबरमध्ये सुरू होतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जोर धरतो आणि एप्रिलनंतर ओसरतो. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यामागून आठवडे थेंब पडत नाही. म्हणजे उष्ण ऋतू आणि कोरडा ऋतू इथे एकच आहे. वनस्पतींच्या दृष्टीने अवघड काळ हिवाळ्याचा नसून उन्हाळ्याचा आहे.

आपल्याकडची सवय अशी की उन्हाळ्याची सुट्टी लागली की गारव्यासाठी डोंगरावर जायचे. हीच सवय घेऊन ऑगस्टमध्ये मोंशीकला गेलेल्या माणसाला रात्री थोडा गारवा मिळेल, फोइयावर वारा मिळेल, पण डोंगर त्याला भेटणार नाही. गवत वाळलेले, ओढे आटलेले, हवेत धुळीची झाक. समुद्र धुक्याआड गेला की शिखरावर बघायला उरतात त्या दूरसंचाराच्या मनोऱ्यांच्या रांगा. तोच माणूस मार्चमध्ये गेला तर गावाखालच्या उतारांवर पाण्याचा आवाज त्याची पाठ सोडत नाही. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतली जाते आणि फोइयावरून नैऋत्येला सेंट व्हिन्सेंटच्या भूशिरापर्यंत किनारा नजरेत येतो.

झाडे आणि त्यांवर जगणारी माणसे

या डोंगरात झाडांचे तीन थर एकमेकांत मिसळलेले आहेत आणि प्रत्येक थर वेगळ्या काळाचा आहे.

सर्वांत जुना थर ओलसर घळींत आहे. तिथे ऱ्होडोडेंड्रॉनची एक जात टिकून आहे. हा प्रदेश आजच्यापेक्षा उबदार आणि दमट होता त्या काळातील अरण्याचा हा अवशेष मानला जातो. वसंताच्या शेवटी तिला जांभळट गुलाबी फुले येतात. ‘मोंशीकचा ओक’ म्हणून ओळखली जाणारी एक दुर्मीळ ओक जातही पोर्तुगालमध्ये मुख्यतः इथेच उरली आहे. या घळी लहान आहेत, वाटेवरून सहज निसटतात. माहितगार माणसाबरोबरच जावे.

दुसरा थर माणसाने जोपासलेला: चेस्टनट, बूच-ओक आणि मेद्रोन्यो. बूच-ओककडे जवळून पाहावे. खोडाचा खालचा भाग सोललेला, गडद तांबडा, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने एक अंक रंगवलेला. तो सोलणीच्या वर्षाचा शेवटचा अंक: चार म्हणजे २०२४ मध्ये साल काढली. पुढची सोलणी नऊ वर्षांनी, २०३३ मध्ये. झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाल्याशिवाय पहिली साल काढत नाहीत, ती खडबडीत निघते, आणि बाटलीच्या बुचाला लागते तसली साल तिसऱ्या खेपेला मिळते. म्हणजे आज लावलेल्या झाडाचे चांगले बूच लावणाऱ्याला म्हातारपणी मिळणार. सोलणी कुऱ्हाडीने होते. घाव सालीच्या जाडीइतकाच बसला पाहिजे, आतल्या जिवंत थराला लागता कामा नये. ही कामगिरी मे ते ऑगस्ट या काळातच होते, कारण तेव्हाच साल खोडापासून सुटते. जगातील बुचाच्या उत्पादनाचा सुमारे निम्मा वाटा पोर्तुगालचा आहे. हे झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि २०११ पासून ते देशाचे राष्ट्रीय झाड आहे.

मेद्रोन्यो हे झुडूपवजा झाड. त्याचे फळ पिकायला सुमारे वर्ष लागते, त्यामुळे शरदात एकाच फांदीवर पांढऱ्या फुलांचे झुबके आणि लालबुंद खरखरीत फळे एकदम दिसतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये फळे हाताने वेचतात, पिंपांत आंबवतात, आणि हिवाळ्यात तांब्याच्या भट्टीत लाकडाच्या जाळावर त्यांची दारू गाळतात. पहिली धार फार तीव्र म्हणून बाजूला काढायची, मधली ठेवायची, शेवटची पुन्हा वेगळी. जाळ थोडा वाढला तरी वास बिघडतो, म्हणून भट्टीजवळचा माणूस जागचा हलत नाही. ही दारू मधात मिसळून केलेले पेय मेलोसा नावाने मिळते. मार्मलेत गावात या पिकाला वाहिलेले एक छोटे घर पाहायला खुले आहे. भट्ट्या जानेवारी-फेब्रुवारीत पेटलेल्या असतात. ऑगस्टच्या पाहुण्याला फक्त बाटली दिसते.

तिसरा थर निलगिरीचा. कागदाच्या लगद्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मोठ्या प्रमाणावर लावली गेली आणि आज पोर्तुगालच्या जंगलात सर्वाधिक क्षेत्र तिचेच आहे. तिच्याबद्दल टोकाची मते ऐकू येतात. मला एवढे दिसते: ज्या उतारांवर राबायला माणूस उरला नव्हता, तिथे दहा-बारा वर्षांनी पैसे देणारे आणि मध्ये काही न मागणारे झाड मालकाने स्वीकारले. मोंशीक तालुक्याची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत साडेपाच हजारांच्या आसपास होती. विसाव्या शतकाच्या मध्याला ती याच्या दुपटीहून जास्त होती. निलगिरी ही या ओसरण्याची खूण आहे. पण तिचे परिणाम मात्र तिथे मागे राहिलेल्यांना भोगावे लागले.

आग

३ ऑगस्ट २०१८ रोजी, तीव्र उष्णतेच्या लाटेत, मोंशीकच्या डोंगरात आग लागली. ती आठवडाभर चालली आणि सुमारे २७,००० हेक्टर जळून गेले. शेजारच्या सिल्वेश तालुक्यातही ती शिरली. हजाराच्या वर अग्निशामक कामाला लागले होते. घरे गेली, मधमाश्यांच्या पेट्या गेल्या, बूच-ओक आणि मेद्रोन्यो होरपळले. मृत्यू एकही झाला नाही, आणि याला कारण आहे. आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, मध्य पोर्तुगालच्या वणव्यांत शंभराहून अधिक माणसे गेली होती. त्या धक्क्यानंतर वस्त्या लवकर आणि सक्तीने रिकाम्या करण्याचे धोरण आले होते. निलगिरीच्या नव्या लागवडीवर निर्बंध घालणारा कायदाही २०१७ चाच.

आगीची कारणे वरच्या विवेचनातच आहेत. हिवाळ्याचा पाऊस झुडपे वाढवतो, पावसाविना जाणारा उन्हाळा ती वाळवतो, ओस पडलेल्या शेतांत ती कोणी कापत नाही, निलगिरीची सोललेली साल वाऱ्यावर पेटत उडते, आणि चढावर ज्वाळा पुढची झाडे आधीच तापवून ठेवतात. २००३ मध्येही हा डोंगर मोठ्या प्रमाणावर जळला होता. ज्या निसर्गचक्रामुळे वसंत इतका हिरवा, त्याच चक्रामुळे ऑगस्ट इतका धोक्याचा. पाहुण्याने हे समजून घेणे ही शिष्टाचाराची बाब नाही, सुरक्षेची आहे. धोक्याची पातळी वर असलेल्या दिवसांत जंगलात जाण्यावर आणि उघड्यावर जाळ करण्यावर निर्बंध येतात. ते पाळावेत, डोंगरातल्या घरी पोचताच बाहेर पडायचे दोन रस्ते पाहून ठेवावेत, आणि धूर दिसला तर ११२ हा क्रमांक फिरवावा.

जळाल्यानंतर काय होते तेही पाहण्यासारखे आहे. मेद्रोन्यो बुंध्यातून पुन्हा फुटतो. बूच-ओकला त्याच्या जाड सालीचे संरक्षण असते आणि काळ्या पडलेल्या फांद्यांवर पालवी येते, पण नुकतेच सोललेले झाड बहुधा वाचत नाही.

पाहुण्यांचे प्रकार

मोंशीकला येणारे पाहुणे मी तीन प्रकारांत मांडतो. त्यांतील सर्वांत जुना प्रकार म्हणजे औषधी स्नानासाठी येणारा. काल्दशचे झरे रोमन लोक वापरत होते. पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव १४९५ मध्ये जलोदराने आजारी असताना इथे आला. त्याच्याच कारकिर्दीत बार्तोलोमेउ दियाशच्या जहाजांनी १४८८ मध्ये आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडले होते आणि हिंदुस्थानच्या सागरी मार्गाची दिशा नक्की झाली होती. स्नानाने त्याला गुण आला नाही. तो खाली आल्व्होर गावी गेला आणि ऑक्टोबरमध्ये तिथेच वारला. काल्दश आज जुन्या घरांचा, मोठ्या झाडांच्या सावलीचा एक छोटा चौक आहे. तिथला पाहुणा एका जागी राहतो, हळू चालतो, आणि डोंगराला त्याचा फारसा भार होत नाही.

दुसरा प्रकार अर्ध्या दिवसाचा. तो दहाला निघतो, काल्दशला थांबतो, मोंशीकच्या चौकात कॉफी घेतो, फोइयावर फोटो काढतो, वाटेत कोळशावर भाजलेली पिरी-पिरी कोंबडी खातो आणि चारला किनाऱ्यावर परततो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. लहान मुले बरोबर असतील तर एवढेच जमते. पण त्याचे येणे बहुतेक जुलै-ऑगस्टमध्ये असते, म्हणजे डोंगराला पाणी कमी आणि आगीची भीती जास्त असते तेव्हा. त्याचा खर्च दोन-तीन उपाहारगृहांत संपतो. विणकाम, मध, दारू, कात्रीसारखी मिटणारी लाकडी खुर्ची या गोष्टी करणाऱ्यांच्या दारापर्यंत तो पोचत नाही. ही खुर्ची मोंशीकची खास ओळख आहे. तिची घडण रोमन काळापासून आलेली समजली जाते, आणि ती बनवणारे कारागीर आता मोजकेच राहिले आहेत.

तिसरा प्रकार मुक्कामी पाहुण्याचा, आणि माझा कौल त्याच्या बाजूने आहे. तो गावात किंवा जवळच्या शेतघरात चार-सहा रात्री राहतो आणि पायी हिंडतो. गुआदियाना नदीकाठच्या आल्कोतिंपासून सेंट व्हिन्सेंटच्या भूशिरापर्यंत जाणारी ‘विया अल्गार्वियाना’ ही सुमारे तीनशे किलोमीटरची पायवाट मोंशीकवरून जाते. सिल्वेशहून पिकोतावरून मोंशीक हा टप्पा लांब आणि दमवणारा. मोंशीकहून फोइयावरून मार्मलेत हा त्यामानाने सोपा. सगळी वाट चालायची गरज नाही, हे दोन टप्पे पुरेसे आहेत. आकाशात कधी बोनेली गरुड दिसतो. इतरत्र तो बहुधा कड्यांवर घरटी करतो, पण दक्षिण पोर्तुगालमध्ये उंच झाडांवर करतो, म्हणून इथली जुनी झाडे त्याच्यासाठी मोलाची.

मुक्कामी पाहुण्याला गावाचा इतिहासही सापडतो. गावाच्या वरच्या अंगाला, चढून गेल्यावर, फ्रान्सिस्कन मठाचे भग्नावशेष आहेत. हा मठ १६३१ मध्ये पेरो दा सिल्वाने स्थापन केला. तो पुढे १६३५ ते १६३९ या काळात गोव्यात व्हाइसरॉय होता. १७५५ च्या भूकंपाने मठाची पडझड झाली. गोव्याच्या वाचकाला हे अवशेष अगदीच परके वाटू नयेत.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. इथले खाणे डुकराच्या मांसावर उभे आहे. मार्चच्या सुरुवातीला गावात भरणारी जत्रासुद्धा सॉसेजांची असते. मात्र बाजारातले चेस्टनट, घेवडा, संत्री, चीज, पाव आणि मध यांवर उत्तम दिवस जातात. स्वयंपाकाची सोय असलेले घर घ्यावे.

डोंगराचे पाणी, किनाऱ्याचे नळ

राहिला चौथा प्रश्न: पाणी कोण वापरते? डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारांचे पाणी ओदलोका नदीत जाते आणि तिच्यावरील धरणातून पश्चिम अल्गार्वच्या नळांना पोचते. हे धरण उभे राहिले तेव्हा नुकसानभरपाई म्हणून २००९ मध्ये सिल्वेशजवळ आयबेरियन लिंक्स या रानमांजराचे प्रजननकेंद्र सुरू झाले. शतकाच्या सुरुवातीला हा प्राणी शंभराच्याही खाली आला होता. तो सावरला त्यात या केंद्राचा वाटा आहे. पण पाण्याचे गणित अजून जुळलेले नाही. सलग दुष्काळानंतर २०२४ च्या सुरुवातीला सरकारने अल्गार्वमध्ये शेतीच्या पाण्यात २५ टक्के आणि शहरी वापरात, पर्यटन धरून, १५ टक्के कपात जाहीर केली. किनाऱ्यावरचा शॉवर आणि गोल्फचे हिरवे मैदान डोंगरावर पडलेल्या पावसावर चालते, आणि ज्या गावांच्या माथ्यावर तो पडतो, तीच गावे रिकामी होत आहेत. या असमतोलावर पाहुणा एकट्याने उपाय करू शकत नाही. पण तो कुठे राहतो आणि केव्हा येतो, हे त्याच्या हातात आहे. फेब्रुवारीत मोंशीकमध्ये राहिलेला पाहुणा भरलेल्या झऱ्याचे पाणी पितो आणि ज्या महिन्यांत गावाकडे कोणी फिरकत नाही त्या महिन्यांत तिथे पैसे ठेवून जातो.

तेव्हा बेत असा करावा. फुलांसाठी आणि चालण्यासाठी मार्चचा मध्य ते मेचा मध्य. मेद्रोन्योची फळे आणि चेस्टनट यांसाठी नोव्हेंबर. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनच्या दिवशी चेस्टनट भाजतात. भट्ट्या पाहायच्या तर जानेवारी-फेब्रुवारी, पण तेव्हा पावसाची आणि थंड घरांची तयारी ठेवावी, शेकोटी किंवा हीटर आहे का हे आधी विचारावे. पोर्तिमांवहून बस मिळते, रेल्वे वर येत नाही. मार्मलेत आणि अल्फेर्स या गावांकडे फिरायचे तर गाडी हवी. आणि ऑगस्टशिवाय सुट्टीच मिळत नसेल, तर ती समुद्रावर घालवा. मोंशीकला जायचे तर पाऊस पडून गेल्यावर, निदान पाच रात्रींसाठी जा.